तळ्यातल्याचं काम

ती. दादा यांस,

वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे फार वाकता येत नाही. उरलेला आदर समजून घ्यावा.) तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब घालतोस का? आमच्याकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि तुझी भावजय, आणि त्यातली ती मंगळवारपासून माझ्याशी मोजकंच बोलते. त्याला कारण आहे. ते सांगायलाच बसलोय, पण माझी गाडी तिथपर्यंत कशी पोचते हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चष्मा लाव आणि टेकून बस.

फोनवर हे सांगता आलं नसतं. मी फोन केला की तू उचलतोस, "बरंय" म्हणतोस, मग मी पाऊण तास बोलतो आणि शेवटी कळतं की तू रिसीव्हर टेबलावर ठेवून केव्हाच आत गेला आहेस. राग नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त जाताना बोलत बोलत गेलो असतो.

तर झालं असं. तीस वर्षं मी डबिंगमध्ये घसा फोडतोय. राक्षस, सेनापती, तुरुंगाधिकारी, सगळे माझ्याच गळ्यातून गेले, आणि एकदा लहान मुलांच्या मालिकेत आठ भाग मी रोडरोलर होतो. (वहिनीला तो फार आवडायचा. "तुझ्या स्वभावाच्या जवळचं काम आहे," म्हणाली होती.) अशा माणसाला गेल्या महिन्यात डबिंगच्या बाईंनी बोलावलं आणि हातात एका ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचं काम दिलं. मी खूश. म्हटलं, तलवारी असतील, आगीचे लोळ असतील, किंचाळायला वाव असेल. आदल्या दिवशी मुद्दाम गरम पाण्याने गुळण्या केल्या.

दादा, त्या मालिकेत काहीही होत नाही. म्हणजे होतं, पण इतकं हळू की आपण जांभई देऊन परत बघेपर्यंतसुद्धा होतच असतं. एक जमीन मोजणारी बाई आहे. खांद्यावर साखळी टाकून गावोगाव हिंडते. शेवाळात, विहिरीत, धुक्यात जे कोणी राहतात, जे तुला-मला दिसत नाहीत, ते तिला दिसतात. त्यांना देव म्हणत नाहीत, भूतही म्हणत नाहीत. नुसते आहेत, आपल्याही आधीपासून. आता जागा एकच, त्यात माणसं घर बांधतात, तेही तिथेच असतात, मग कुरबुरी होतात. ही बाई येते, दोघांमधलं अंतर मोजते, चहा पिते, थोडा वेळ बसते आणि जाते. कुणाला मारत नाही, मंत्र म्हणत नाही, हाकलत तर मुळीच नाही. पाच भाग पाहिल्यावर मी बाईंना विचारलं की व्हिलन कधी येतो. त्या म्हणाल्या, येत नाही. मी म्हटलं, मग मी कोण?

मी तळ्यातला. सहाव्या भागात एक म्हातारा आहे, त्याचं कुणीतरी गेलेलं आहे. कोण, ते मालिका सांगत नाही. तो रोज तळ्याकाठी येऊन बसतो. पाण्यात तो, म्हणजे मी, तळ्याएवढाच पसरलेला, एक डोळा मिटलेला. गावाला वाटतं हा म्हाताऱ्याला आत ओढतोय, म्हणून मोजणीवालीला बोलावतात. ती सात दिवस अंतर मोजते. सातही दिवस तेवढंच भरतं, दोन हात. ती गावाला सांगते की हा ओढत नाहीये, सोडतही नाहीये, आणि साखळी गुंडाळते. शेवटी म्हातारा पाण्याकडे बघून विचारतो, "कोण आहे?" आणि मी म्हणतो, "आहे मी." संपलं काम. बाकी भागभर नुसता श्वास.

दोन शब्द! मी कोट न काढता माइकपुढे उभा राहिलो, म्हटलं मी परत जाईपर्यंत गाडीतलं गाणंही संपलं नसेल. पहिल्या टेकला बाई म्हणाल्या, ही स्टेशनवरची घोषणा झाली. दुसऱ्याला म्हणाल्या, आता धमकी झाली. तिसरा मी खाली आणला, तर म्हणाल्या की डॉक्टर वाईट बातमी देतोय असं वाटतं. एकोणिसाव्या टेकला मी आवाजात इतका ओलावा आणला की रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून पाण्याची बाटली दाखवली. बाईंनी हेडफोन काढले. त्या कधी ओरडत नाहीत, हीच त्यांची दहशत. म्हणाल्या, "तुम्ही त्याला समजावताय हो. नका समजावू. त्याने काही विचारलेलं नाही, फक्त कोण आहे एवढंच विचारलंय." आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं.

घरी येऊन सराव सुरू केला. तुझी भावजय ओट्याशी वाटाणे सोलत होती. मी मागून जाऊन अगदी तळातून म्हटलं, "आहे मी." ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "दिसतंय. गॅसवाल्याला फोन केलात का?" अशा घरात कला वाढत नाही. म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला बागेतल्या तळ्यावर गेलो. काठाला चिखल होता, बूट काढून ठेवले, मोजे त्यात खोचले, पायरीवर बसलो आणि पाण्याकडे बघून वेगवेगळ्या पट्टीत "आहे मी, आहे मी" सुरू केलं. माझ्या डोक्यात पाणी, श्वास, पट्टी, एवढंच होतं. लांबून ते कसं दिसत असेल हे मनातही आलं नाही.

थोड्या वेळाने बागेचा पहारेकरी आला. साठीचा, बारीक, गणवेशाची बाही दुमडलेली. माझ्यापासून दोन-एक हातांवर बसला आणि किती वाजले विचारलं. सांगितलं. मग बूट का काढले, विचारलं. सांगितलं. घरी कोण असतं, विचारलं. मी म्हटलं, माणूस चौकस आहे, नीट समजावून सांगावं. आणि समजावू लागलो. मी तळ्यातला आहे, तीनशे वर्षांपासून, पण काम उद्या सकाळी संपेल, म्हणून आज काहीही करून पाण्यातल्याच्या मनात शिरायचंय. दादा, हे मी त्याला शब्दशः सांगितलं. तो मान डोलवत ऐकत राहिला. मग माझ्या बायकोचा नंबर मागितला. मला वाटलं, चाहता आहे. मी दिला. त्याने तिथेच बसून फोन लावला आणि म्हणाला, "बाई, तुमचे यजमान तळ्याकाठी आहेत. मी बसलोय त्यांच्याजवळ. धावपळ करू नका, पण या."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी हसायला लागलो (त्यानेही माझी बाजू काही भक्कम झाली नाही), ओळखपत्र शोधलं, ते गाडीत होतं, गाडी घराखाली होती. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. रोडरोलरपासून. तो ऐकत होता, पण उठला नाही. आणि मग, तू खुर्ची घट्ट धर, माझं बोलणं संपलं. खरंच संपलं. समोर पाणी होतं, त्यावर एक पान फिरत होतं, आणि तो माणूस शेजारी होता.

शेवटी मीच विचारलं, "असं कुणी आलं की तुम्ही काय करता?"

"बसतो."

"बोलत नाही?"

"वेळ विचारतो. माणसाला पाण्यावरची नजर काढून घड्याळात बघावं लागतं. मग बसतो."

"आणि सगळे उठून घरी जातात?"

त्याने बाही आणखी एकदा दुमडली. "एक नाही गेली. त्या दिवशी मी फाटकावर होतो," म्हणाला. मी तोंड उघडलं होतं. तुमची काय चूक, वगैरे. मिटलं.

तुझी भावजय आली ती एका पायात घरातली चप्पल आणि एका पायात बाहेरची. तिला खरं काय ते कळायला दोन मिनिटं लागली. आधी ती हसली, मग पायरीवर बसून रडली, आणि मग तिने मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. म्हणाली, "फोन आला तेव्हा मला एका क्षणाचंसुद्धा आश्चर्य वाटलं नाही, हे कळतंय का तुम्हाला?" मला कळलं नाही. म्हणाली, वहिनी गेल्यापासून आठ महिने तुम्ही एक मिनिट गप्प बसलेला नाहीत. मी रोज वाट बघतेय की हे कुठे जाऊन फुटणार.

दादा, तिचं खरं आहे. हॉस्पिटलच्या त्या लांब वऱ्हांड्यात मी सगळ्यांशी बोलत होतो. डॉक्टरांशी, नर्सशी, लिफ्टवाल्याशी. तुलाही काहीतरी गंमत सांगितली. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी अजून पुसतोय. त्यानंतर तुला फोन करून फिरायला जा म्हटलं, मांजर पाळ म्हटलं, दोन-चार पुस्तकं बांधायला घे म्हटलं, प्रेस गंजेल म्हटलं. तू काही विचारलं नव्हतंस. गप्प बसलं की ती नाही हे ऐकू येतं, म्हणून मी बोलत होतो, आणि नाव तुझं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माइकपुढे उभा राहिलो. काही योजलं नव्हतं. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, मी सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "झालं." घरी जाताना बागेत डोकावलो. पहारेकरी झारीने झाडांना पाणी घालत होता. मला बघून त्याने हात वर केला आणि लगेच माझ्या पायांकडे बघितलं. बूट होते. तो पुन्हा झाडांकडे वळला.

तुझा,
धाकटा

ता. क. आत्ताच बाईंचा निरोप आला. शेवटच्या जुळणीत त्यांनी माझे दोन्ही शब्द काढून टाकले. श्वास तेवढा ठेवलाय. म्हणाल्या, इतकं चांगलं झालंय की आता शब्दांची गरज उरलेली नाही. तीस वर्षांत माझी अशी स्तुती कुणी केली नव्हती. तुझी भावजय दोन दिवसांनी मनापासून हसली.

ता. क. दुसरा. शनिवारी दुपारी मी येतोय. कामासाठी नाही. तुझ्या बांधणीच्या खोलीत खिडकीखाली, कागदांच्या गठ्ठ्याशेजारी जमिनीवर जागा आहे, तिथे बसेन. वहिनीच्या खुर्चीवर बसणार नाही. तू काम कर, नको करूस, भिंतीकडे बघ, मला काही सांगू नकोस. मीही सांगणार नाही. संध्याकाळच्या गाडीने परत.

ता. क. तिसरा. तुला हे नको असेल तर सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं कार्ड ठेवलंय, त्यावर "नको" लिहून टपालात टाक. हे पाकीट कुरियरने तुला उद्याच मिळेल. साधं टपाल मात्र इथे पोचायला पाच दिवस लागतात आणि शनिवार परवा आहे. हा निव्वळ योगायोग आहे असं मी लिहिणार होतो, पण तुझी भावजय मागे उभी राहून वाचते आहे.