माशाची अर्धी फरशी

मी, फरशीच्या खाणवाल्याची थोरली मुलगी, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, धंदा दगडातले मासे सुईने मोकळे करणे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. कोणी कान भरलेले नसताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहते घर भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. बापासमोर तिने माझी बाजू एकदाही घेतली नाही, पण आजारपणात चोरून डबा आणत राहिली. छप्पर गळते, ते तिने बघून घ्यावे.

२. सुया व कुंचले संग्रहालयाच्या कार्यशाळेला. भिंग भावजयीला. माझे दोष तिला भिंगाशिवायच दिसत आले. आता घरातल्यांचेही दिसोत.

३. माशाबद्दल. बाबा गेल्यावर आम्ही भावंडांनी एक फरशी फोडली. आत फार जुन्या समुद्रातला हातभर मासा निघाला, बांगडा आणि कुपा यांच्या गोतातला. अशी फरशी उघडली की मासा दोन्ही बाजूंना वाटला जातो. डोके माझ्या फरशीला चिकटले. शेपटी आणि तिच्याआधीचे बारके पर धाकट्या भावाच्या फरशीला. तपासायला आलेले तज्ज्ञ म्हणाले, मासा नवा दिसतो, शोधणाऱ्याचे नाव त्याला देऊ. पण दोन्ही फरश्या एकत्र हव्यात.

"छिन्नी माझी, नाव माझं," भाऊ म्हणाला.

"आणि इथं मार म्हणून बोट कुणी ठेवलं रे?"

"बोट ठेवायला काय लागतं, ताई?"

आपली फरशी उचलून तो गेला. तीस वर्षे मासा बिननावाचा पडून आहे. आधी कोणी कोणाचे दार वाजवायचे, यावर दोघेही अडून बसलो. अडेलतट्टूपणात आम्ही एकाच बापाची लेकरे. गेल्या महिन्यात भाचीने माझे दुखणे त्याच्या कानावर घातले, तर म्हणाला, "मेली तरी तोंड बघणार नाही." हे मला फार लागले.

४. म्हणून माझी फरशी मी त्यालाच देते. नावही त्याचेच लागू दे. अट एकच: मी गेल्यावर माझा देह घराबाहेर काढण्याआधी ती त्याने स्वतः येऊन न्यावी. फरशी माझ्या उशाशी ठेवावी. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये. तो न आल्यास काय, हे मी लिहिलेले नाही. तो येईल. माझ्यासाठी नाही, माशासाठी. आपली अर्धी लावून जोड बसतो का ते बघायला त्याला माझ्या उशाशी वाकावेच लागेल. तेव्हा कोणीही त्याला घाई करू नये.

लिहून देणार: थोरली (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)
ठिकाण: माझी पुढची खोली
दिनांक: ९ मार्च