तुझ्या आईशेजारची जागा

सस्काटून,
फेब्रुवारीचा शेवट

प्रिय ओलेना,

तुझ्या दहाव्याचा भात माझ्या बाल्कनीत अजून तसाच पडलाय. भात कसला, दगड झालाय त्याचा. काल बोटाने टोकरून पाहिला तर नखच दुखलं. त्याला कुणी शिवलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मराठीत लिहितेय. तुला मराठी येत नव्हतं हे मला माहीत आहे, पण इंग्रजीत तरी माझं सगळं कुठे ऐकलंस? कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवून माझ्याशी गप्पा मारायला यायचीस आणि मी काय म्हटलं ते ओठांवरून ओळखायचीस. आता भाषेने काय फरक पडतो? आणि हो, तुला अगं-तुगं करतेय. आठ वर्षांनी मोठी होतीस, पण माझ्या थोरल्या बहिणीलाही मी असंच बोलायचे.

तुझं दहावं करायचा मला काय अधिकार? मी बाई, त्यात परकी, त्यात भटजी सगळ्यात जवळचा म्हणजे पुढच्या शहरातला, आणि तोही फोन उचलत नाही. माझ्या मुलाला टोरोंटोला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "आई, शी वॉज नॉट इव्हन हिंदू. आणि बाल्कनीत फूड ठेवू नकोस, बिल्डिंगवाले कम्प्लेंट करतील." मी बरं म्हटलं आणि तांदूळ धुवायला घेतले. तुझ्यासाठी दुसरं कोण काही करणार होतं?

तुला आठवतं का, आमचे हे गेले त्या वर्षी मी तुला कावळ्याची गोष्ट सांगितली होती? यांच्या अस्थी मी वाईला नेल्या होत्या. नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. आमच्यात मानतात की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी ती ओळखून मोठ्याने वचन द्यायचं. धाकटे दीर पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींना एकटं पडू देणार नाही." आणि लगेच कावळा आला.

तू सगळं नीट ऐकलंस, त्या दिवशी मशीन कानात होतं. मग विचारलंस, "आणि पाळलं का त्यांनी?"

"दिवाळीला फोन करतात," मी म्हटलं.

तू किती हसलीस. आणि कावळा आलाच नाही तर काय करतात म्हणून विचारलंस. दर्भाचा कावळा करून त्याचाच स्पर्श करवतात, असं सांगितल्यावर तर डोळे पुसत म्हणालीस, "म्हणजे प्रॉप! आमच्या सिनेमातली नकली वस्तू!" पण उठताना माझा हात धरून बजावलंस की मला कधी असलं वचन देऊ नकोस. जे करणार असशील तेवढंच बोल.

आता सांग, मी काय बोलू?

इथले कावळे थंडीत दक्षिणेला जातात. मॅगपाय तेवढे राहतात, काळे-पांढरे, भांडकुदळ. म्हटलं, काळा रंग आहे ना, चालेल. भात ठेवला, शेजारी वाटीत गव्हाची खीर ठेवली आणि दाराच्या काचेआड उभी राहिले. बाहेर उणे तीस. वाफ निघायची ती मिनिटभरात बंद झाली.

आधी म्हटलं, ओलेना, तुझी व्हायोलेटची झाडं मी आणली आहेत, पाणी घालतेय. एक मॅगपाय कठड्यावर येऊन बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. मग म्हटलं, तू काम केलेला सिनेमा आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना दाखवीन. कुणी आलं नाही. मग म्हटलं, रॉबर्टकडे लक्ष ठेवीन. हे म्हणताना माझं मलाच हसू आलं. साठीला आलेला तुझा मुलगा, कॅलिफोर्नियात राहतो, त्याच्याकडे मी इथून काय लक्ष ठेवणार?

खरं काय म्हणायला हवं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ते तोंडातून निघेना.

तुला पहिल्यांदा भेटले ती मेलबॉक्सपाशी. तुला ओहायोहून कुणीतरी तुझाच जुना फोटो सही करायला पाठवला होता आणि तू तो लांब धरून बघत होतीस. उघडे खांदे, पिकलेल्या गव्हाच्या रंगाचे केस, ओठ किंचित विलग. मी विचारलं, ही कोण? म्हणालीस, "एलेन. स्टुडिओने बनवली होती. मी तिच्यात सात वर्षं नोकरी केली." मला वाटलं, बाई जरा सरकलेली आहे. मग वर आल्यावर कळलं की समोरचं दार तुझंच.

मंडळाच्या गणपतीला तुला प्रमुख पाहुणी म्हणून नेलं, ती माझीच हौस. माझी अंजिरी साडी तुला नेसवली, ती तुझ्या उंचीला आखूड पडली. अध्यक्षांनी 'हॉलिवूडच्या सुप्रसिद्ध अभिनेत्री' म्हणून ओळख करून दिली आणि सभागृहात एकालाही तुझं नाव माहीत नव्हतं. एका पोरीने उठून विचारलं, "वेअर यू इन एनिथिंग वी नो?" तू म्हणालीस, "नो, डिअर." शाल-नारळ घेऊन खाली आलीस आणि जेवणाच्या रांगेत माझ्या कानात म्हणालीस की इतक्या प्रेमाने कुणी आजवर विसरलं नव्हतं. मी रागावले होते तुझ्यावर. अशी कशी बोलतेस म्हणून. पण तू खरंच बोलत होतीस.

तुझी सगळी गोष्ट मला कळली ती गव्हाच्या खिरीमुळे. डिसेंबर होता. गहू शिजवून खीर केली, वर खसखस टाकली, वाटी घेऊन तुझ्याकडे आले. पहिला घास घेतलास आणि चमचा खाली ठेवलास. तुमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी हेच करतात म्हणालीस, गहू, मध, खसखस, आणि गेलेल्यांसाठी एक ताट वेगळं मांडतात. "माझी आई करायची," एवढं म्हणालीस आणि रडायला लागलीस. मला वाटलं, आईच्या आठवणीने रडतेय. म्हातारपणी होतंच तसं. मला काय माहीत की आत किती आहे?

युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्याची तू मुलगी. इथल्या जत्रेत सौंदर्यस्पर्धा जिंकलीस, कुणी फोटो काढला, कुणी पत्ता घेतला आणि एकोणिसाव्या वर्षी गाडीत बसून थेट लॉस एंजेलिस. तिथे स्टुडिओवाल्यांनी तुझ्या दाढा काढल्या, म्हणजे गाल आत जातात. कपाळावरचे केस मुळापासून जाळले. नाव बदललं. इथवर तू हसत सांगायचीस. मग त्यांना तुझी आई अडचणीची वाटली. डोक्याला फडकं बांधणारी, इंग्रजीचा गंध नसलेली बाई. म्हणून मासिकांत छापून आणलं की एलेन अनाथ आहे, आईवडील इंग्लंडात अपघातात गेले. आणि तुला मुलाखतींतून तेच बोलायला लावलं. तू बोललीस. वीस-बावीस वर्षांची पोर, सही करून बसलेली, काय करणार होतीस?

तिकडे गावात तुझी आई धडधाकट, गाईंचं दूध काढत होती.

ती खरोखर गेली तेव्हा तू एका सिनेमाच्या सहलीच्या प्रसंगात होतीस. भावाची तार आली. सुट्टी मागितलीस, तर पब्लिसिटीवाला म्हणाला, "एलेनची आई दोनदा कशी मरेल?" ते वाक्य तू मला त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं होतंस. त्या दिवशी ऊन सारखं जात होतं म्हणून तुझं हसणं पुन्हा पुन्हा चित्रित केलं. तो सिनेमा डीव्हीडीवर मिळतो. तू दिलीस म्हणून मी एकटीने बघितला. झाडाखाली चादर, तू पोहण्याच्या कपड्यांत, मान मागे टाकून हसतेस. बाई गं, किती सुंदर दिसतेस. मला ते संपूर्ण बघवलं नाही.

सात वर्षं झाल्यावर त्यांनी करार वाढवला नाही. दुसऱ्या नंबरची नायिका, शेवटी नायक जिला सोडून जातो ती, हेच करत राहिलीस. मग टीव्हीवर किरकोळ कामं, मग फ्रिजची जाहिरात, मग घरं विकण्याचा धंदा. लग्न, रॉबर्ट, घटस्फोट. सत्तरी उलटल्यावर सगळं विकून इथे आलीस. लोकांना वाटायचं स्वस्ताईसाठी आलीस. मला तू खरं कारण सांगितलंस, फक्त मलाच. तुला आईशेजारी पुरून घ्यायचं होतं.

एका सप्टेंबरात आपण तुझ्या गावी गेलो, मी गाडी चालवत होते. गाव म्हणजे आता काय, रस्त्याकडेचं धान्याचं कोठार आणि कांद्यासारख्या घुमटाचं एक चर्च. वर्षातून एकदा उघडतं म्हणे. मागे स्मशान, गवत कंबरेएवढं. तुझ्या आईचा लोखंडी क्रूस तू बरोबर शोधलास. एका बाजूला वडील, दुसरी बाजू मोकळी. आणि तू काय केलंस? सरळ त्या मोकळ्या जागेत आडवी झालीस, चांगला कोट घालून. "सुधा, बघ गं, मावते का मी?" मी म्हटलं, ऊठ वेडे, थंडी बाधेल. तू उठली नाहीस. पडल्यापडल्याच विचारलंस, "आईला कुणी ते मासिक वाचून दाखवलं नसेल ना?"

मी नाही म्हटलं. मला काय माहीत? पण नाही म्हटलं.

एका गोष्टीचा मला तुझा अजून राग आहे, सांगून टाकते. किती वेळा म्हटलं, वकिलाकडे चल, हे नीट लिहून ठेव. "स्प्रिंगमध्ये जाऊ," म्हणायचीस. रस्ते निसरडे आहेत, गुडघा दुखतोय, रॉबर्टला वाईट वाटेल. असे किती स्प्रिंग आले आणि गेले? तुला बोलायची भीती वाटत होती का? मुलाला आजीबद्दल कधी काही सांगितलंच नव्हतंस, म्हणून?

तू गेल्यावर रॉबर्ट आला तेव्हा मी त्याला तुझ्या दारातच गाठलं. चांगला माणूस आहे, दुष्ट नाही. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॉमने असं कधीच सांगितलं नाही. तिची आई तर इंग्लंडमध्ये गेली ना?"

ओलेना, तोही तेच वाचत मोठा झाला होता.

मी म्हटलं, नाही रे बाबा, इथे, दीड तासावर आहे, मी दाखवते. मला वाटलं, ऐकेल. मग म्हणाला की डॅडने तिकडच्या दफनभूमीत दोन जागा घेऊन ठेवल्या होत्या, तिथे सिनेमातली माणसं आहेत, कुणीतरी फुलं ठेवायला येतं. "सुधा, त्या गवतात तिला भेटायला कोण येणार? आणि जमीन तर गोठलेली आहे." मी म्हटलं, इथे शव स्प्रिंगपर्यंत ठेवतात, मग पुरतात. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यू वेअर अ गुड फ्रेंड टू हर," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तुला विमानाने नेलं. ज्या नवऱ्याला सोडून आलीस त्याच्या शेजारी ठेवलंय. दगडावर एलेन लिहिलंय, त्याने मला फोटो पाठवला. छान झालंय असं त्याला वाटतं.

मी त्याला काय लिहू? काही लिहिलं नाही. कायद्याने तो मुलगा, मी समोरच्या दारातली बाई. सगळे म्हणतात, गेलेल्याला काय कळतं, सोडून दे. सोडतेच आहे. दुसरं काय करतेय? पण सकाळी दार उघडते, समोर तुझ्या दाराशी नव्या भाडेकरूचे बूट असतात, आणि मला वाटतं की तुझ्या बाबतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं आणि एकदाही कुणाला ते चूक वाटलं नाही.

म्हणून भात तसाच आहे. तुला तिथून इथे आणीन, असं मी बाल्कनीत उभं राहून म्हणू शकले असते. मॅगपाय आलाही असता. पण मी तुला आणू शकणार नाही. माझं वय झालंय, हातात काही नाही, आणि रॉबर्ट बदलणार नाही. दर्भाचा कावळा मला करायचा नाही.

एवढं मात्र करीन, हे पाळता येण्यासारखं आहे. मे महिन्यात रस्ता मोकळा झाला की गाडी काढीन. मुलगा म्हणतो, हायवेवर ड्राइव्ह करू नकोस. करीन. तुझ्या आईपाशी जाऊन त्या गवतात बसेन आणि तिला सांगेन की आजी, तुमची ओलेना येणार नाही. तिला यायचं होतं, तिला दुसरीकडे नेलं. तुझ्या आईला इंग्रजी कळत नव्हतं, मराठीही कळणार नाही, पण कुणीतरी तोंडाने सांगायला हवं. ती शेजारची जागा धरून बसली असेल. तिला म्हणेन, वाट बघू नका.

तुझी,
समोरच्या दारातली सुधा