आज्ञाधारक रेघ

३ मार्च, सोमवार

“तुझी रेघ फारच आज्ञाधारक आहे.” – भर बैठकीत, दहा माणसांसमोर, माझ्या आलेखावर पेन्सिल आपटून!

म्हणणारा कोण, तर माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि, माझं पूर्वजन्मीचं काहीतरी असणार, आमच्याच संस्थेत कार्बन विभागाचा प्रमुख. बारा वर्षांत जंगलात पाऊल नाही. संगणकासमोर बसून शंभर वर्षांनी झाडं किती कार्बन धरतील ते सांगतो. ज्योतिषी म्हणतो मी त्याला. पत्रिका तेवढी रंगीत छापतो.

वडिलांनी लहानपणी संस्कृत व्याकरण घोकवून घेतलं. त्यात शिव्या नाहीत. मोठीच त्रुटी!

४ मार्च

शांत डोक्याने लिहितो.

वरच्या जंगलातली माती लाल. लाल म्हणजे लोखंड, आणि हे लोखंड फॉस्फरस असा मुठीत धरतं की झाडांच्या वाट्याला काही येत नाही. फॉस्फरस नाही तर नवं लाकूड नाही. नवं लाकूड नाही तर हवेतला कार्बन हवेतच. ज्योतिषी म्हणतो, हे जंगल उपाशी आहे, याहून जास्त कार्बन धरणार नाही. मी म्हणतो, मुळं आपली आम्लं सोडून ती मूठ उघडतात. म्हणतो काय – मोजलंय! दर पावसाळ्यानंतर त्याच वीस जागांची माती. सहा वर्षं सुटा फॉस्फरस चढताच आहे. हीच ती रेघ.

१४ तारखेला समिती. माझं खरं ठरलं तर वरचं जंगल दोन जंगलांचं काम करील, आणि खालच्या उतारावरचं तोडायला परवानगी मिळेल. वाईट वाटतं. पण म्हणून काय आकडे गिळू?

६ मार्च

“रविवारी ताईकडे जेवायला जायचंय. तोंड नीट ठेव,” – बायको.

ठेवीन. नीट आणि बंद.

९ मार्च, रविवार

नाही ठेवलं.

साडू वाढता वाढता म्हणाला, “मातीचे पन्नास नमुने दे रे. आमच्याकडे नव्या बाटल्यांत करून बघतो.”

“का? माझ्या बाटल्या उष्ट्या आहेत?”

“रागावतोस कशाला? आकडा जरा जास्तच देखणा आहे, एवढंच.”

“तुमच्या आकड्यांना ती अडचण कधी आलीच नाही!”

मेहुणी फसकन हसली. बायकोने टेबलाखाली माझा पाय तुडवला.

एक चिमूट माती देणार नाही. मत्सर, दुसरं काय! आयुष्यभर भविष्यं सांगून एक खरं ठरलं नाही, आणि धाकट्या साडूच्या नावावर एक शोध लागतो आहे – पोटात दुखणारच.

११ मार्च

मावशी – बावीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतात – शुक्रवारी निवृत्त. निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात. “तुम्ही छान हसवता, साहेब,” – त्याच म्हणाल्या. म्हणजे मी विदूषक. तोही बिनपगारी.

१२ मार्च

त्याचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून त्याच्याच विभागातल्या बाईंसमोर दहा नमुने केले. बाई म्हणाल्या, “सर, कोरा लावायचा ना?”

कोरा म्हणजे माती नसलेली बाटली – नुसतं शुद्ध पाणी आणि औषध. फॉस्फरस असला तर निळं होतं; नसला तर पाणी पाण्यासारखं. मी कोरा लावणं सातेक वर्षांपूर्वीच सोडलं. दर वेळी शून्यच यायचा, उगाच एक बाटली अडायची.

“लावा, हौस असेल तर.”

निळा!

पुन्हा केला. बाटली बदलली. निळा!

तडक साडूच्या खोलीत. “पाण्यात काय कालवलंत?” मजलाभर ऐकू गेलं असेल. कपटी म्हणालो, नीच म्हणालो, आणि आणखी एक विशेषण, तेही शुद्ध मराठी. तो माझं संपेपर्यंत चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, “पाणी तुझं, औषध तुझं. बाटल्या कोण धुतं?”

वर उलट्या बोंबा!

१३ मार्च

बाटल्या पातळ आम्लाने धुवायच्या. धुण्याच्या पावडरीतच फॉस्फरस असतो – हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवतो.

मोरीपाशी गेलो. आम्लाच्या बरणीवर धूळ. शेजारी पावडरीचा डबा.

मावशींनी हात पुढे केले. बोटांची कातडी जागोजाग पांढरी, ताणलेली, नखं झिजून गेलेली. बावीस वर्षांत मी हे हात पाहिले नव्हते.

“आम्लाने भाजायचं, साहेब. हातमोजे मागितले होते तुमच्याकडे. तुम्ही संस्कृतात काहीतरी म्हणालात, सगळे हसले. मग मी पावडर धरली. आधी थोड्या बाटल्या, मग हात फारच सोलायला लागले तशा सगळ्या.”

काय म्हणालो होतो, आठवत नाही. झकास असणार.

कधीपासून, ते विचारलं नाही. या वर्षीचीच गोष्ट असेल. मागची पाच वर्षं वाचतील.

१४ मार्च, शुक्रवार

समितीआधी विचारलं. “नात झाली तेव्हापासून,” मावशी म्हणाल्या. “आता पहिलीत आहे.”

रेघही तेव्हापासूनच चढते.

मुळांनी काही उघडलेलं नाही. रेघ मागे घेतली; कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. खालचं जंगल राहील. साडू एक शब्द बोलला नाही, मेला.

भाषण केलं नाही. मावशींना हातमोज्यांचा जोड दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला.

“आता कशाला, साहेब?”