दोन फेअरवे वूड आणि दहा गुंठे

मी, विमलबाई सोपानराव हुलावळे, वय अडुसष्ट, धंदा शेती व गोल्फ, राहणार मारुंजी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी रविवारी सकाळी मैदानावर यावे आणि माझ्याशी नऊ होल खेळावेत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. घरात माझाच सगळ्यांवर दाब आहे, असे माझा मुलगा रणजीत चारचौघांत सांगतो आणि ते खरे आहे.

धंद्यापुढे गोल्फ लिहू नये, असे वकील शेखर मोहोळ यांचे म्हणणे पडले. थेरगावला डांगे चौकात त्यांचे ऑफिस आहे. माणूस चांगला, पण घाबरट. मी लिहायला लावले.

१. राहते घर आणि रस्त्याकडेची भाड्याच्या खोल्यांची इमारत मी रणजीतला मागच्या वर्षीच नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिली आहे. त्याला काही दिले नाही असे भावकीने बोलू नये. आता माझ्या नावावर उरले ते असे: ओढ्याकाठचे दहा गुंठे, ज्यात माझी सरावाची जाळी बांधलेली आहे, गोल्फ क्लबचे सभासदत्व, माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ, आणि गोल्फचे सगळे सामान. हे सर्व माझी सून मोनिका रणजीत हुलावळे हिला मिळावे. दहा गुंठे तिच्या एकटीच्या नावावर चढावेत. रणजीतने ती जागा एका बिल्डरला दाखवून ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. बिल्डरने दुसरीकडे बघावे.

२. सभासदत्वाबद्दल. मैदानासाठी जमीन घेताना क्लबने प्रत्येक खातेदाराला मोबदल्यासोबत एक सभासदत्व दिले. गावाने ती कार्डे कपाटात टाकली. आमचे हे तर तिकडे फिरकलेही नाहीत. म्हणायचे, "आपल्याच रानात पाव्हण्यावानी कशाला जायचं?" ते गेले, त्यांचे वर्षश्राद्ध उरकले आणि मी कार्ड घेऊन गेले. आमचे खळे होते तिथे आता सातवा होल आहे. दारावरच्या साहेबाने नियम दाखवला, की कॉलर नसलेल्या कपड्यांत प्रवेश नाही. नऊवारीबद्दल नियमात अवाक्षर नव्हते. मी शिंप्याकडून ब्लाउजला कॉलर लावून घेतली आणि पुन्हा जाऊन उभी राहिले. तो ब्लाउज माझ्या पश्चात क्लबच्या ऑफिसला द्यावा. काचेत लावायचा की टेबले पुसायला घ्यायचा, हे त्यांनी ठरवावे.

३. माझ्या फेअरवे वूड, तीन नंबरची आणि पाच नंबरची. या कलमात वकिलांचा एकही शब्द नाही.

गवतावर पडलेला चेंडू लांब मारायच्या या काठ्या. नावात वूड असले तरी डोके पोलादाचे असते. लोक डोक्याच्या ब्रँडवर भांडतात, पण खरी गोम शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, वजनात आहे. दुकानात बाई दिसली की काही न विचारता पन्नास ग्रॅमचा हलका शाफ्ट पुढे करतात. मीही आधी तोच वापरला. हातात घेतला की बरा वाटतो, पण हात अंगाच्या आधी पळतात. मग चेंडू टपली खाल्ल्यासारखा सरपटतो नाहीतर डावीकडच्या झाडीत घुसतो. मी जड शाफ्ट मागितला तेव्हा क्लबचा कोच प्रितम म्हणाला, "काकू, खांदा जाईल." मी म्हणाले, "खांदा माझा हाय. गेला तर माझा जाईल."

माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब काठीचा, शाफ्ट पंचावन्नचा आहे. फेअरवे वूडला मी पासष्टचा बसवून घेतला. ड्रायव्हरचा चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, आयता उंच ठेवलेला असतो. फेअरवे वूडने तो जमिनीवरून घ्यायचा असतो, म्हणून दांडा थोडा जड लागतो. त्याहून आखूड काठ्यांना आणखी जड. मुरमाड रानातल्या कुदळीला कोणी वेताची छडी बसवत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. पहिल्याच सकाळी माझा चेंडू मैदानातल्या तळ्यावरून पलीकडे गेला. शेजारी खेळणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी तोंड फिरवले. मला फार आनंद झाला.

४. हे मृत्युपत्र का करावे लागले, ते आता लिहिते. गेल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवला. मी दवाखान्यात असताना रणजीतने माझ्या दोन्ही फेअरवे वूडचे शाफ्ट बदलून हलके टाकून आणले. रंगही तोच निवडला, म्हणजे मला कळू नये. आईला जड उचलू द्यायचे नाही, हा त्याचा विचार. माया होती, मी नाकारत नाही.

बरी झाल्यावर मी क्लबच्या महिन्याच्या सामन्यात उतरले. तळ्यापुढे उभी राहिले, फटका मारला, चेंडू पाण्यात. पुन्हा मारला, पुन्हा पाण्यात. मागे लोक खोळंबले होते आणि एक जण हसला. घरी येऊन मी पिशवी कोपऱ्यात टाकली आणि म्हणाले, संपलं माझं. ताटावर बसलेच नाही. रणजीत समोर होता. शाफ्ट बदलल्याचे त्याला माहीत होते, तरी तो म्हणाला, "आई, वय झालं आता. ती जाळी काढू, जागा तरी मोकळी हुईल."

तेव्हा मोनिका स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानेच बाहेर आली. म्हणाली, "आत्याबाई, तुमचं काय बी संपल्यालं न्हाई. काठ्यांचं दांडं बदल्यात."

"तू गप," रणजीत म्हणाला.

"न्हाई गप बसत. माझ्या रोज हातात असत्यात त्या. मला कळतंय की."

मी दुपारी पडले की माझी सून जाळीत जाऊन चेंडू मारते, हे घराला त्या दिवशी कळले. रणजीत तिच्यावर ओरडला, मग माझ्यावर. "तुमी दोघींनी गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. आईचं तर डोकंच कामातनं गेलंय." हे वाक्य त्याने पुढे भावकीत सांगितले आणि बिल्डरलाही सांगितले. माझ्या डोक्याबद्दल अशी हवा झाली की उद्या माझ्या सहीला किंमत राहणार नाही आणि दहा गुंठे मोनिकाच्या हातून जातील. तसे मी होऊ देणार नाही.

माझ्या भावांनीही मला असेच हलके केले होते. भाऊबीजेला साडी नेसवली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. "ताई, तुला कशाला जमिनीचा व्याप?" असे थोरला म्हणाला. माझे ओझे कमी करायला जो आला त्याने जाताना माझा वाटाही नेला. त्याचा राग मला अजून आहे. तो मी कोणाला वाटून देत नाही, सोबत नेणार आहे.

५. मोनिकासाठी. माझे पासष्टचे शाफ्ट मी पुन्हा बसवून घेतले आहेत, पण माझी आठवण म्हणून ते तू ठेवायचे नाहीत. डोकी ठेव, दांडे काढ. माझा हात माझा होता. तू चाकणकडची, उंचीने माझ्याहून वीतभर जास्त. तुला कदाचित सत्तरचा लागेल, कदाचित साठच पुरे होईल. दुकानात ताज्या अंगाने मारून ठरवू नकोस, तिथे सगळेच छान वाटते. आधी भरपूर खेळ, दमून जा आणि मग वेगवेगळे शाफ्ट लावून मार. हात पळत असतील, चेंडू डावीकडे जात असेल, तर दांडा हलका आहे. चेंडू उजवीकडे खाली पडत असेल आणि खांदा बोलत असेल, तर जड आहे. दमलेल्या अंगालाही ज्याची लय सापडते तो आपला. सूनबाईला झेपेल का, असे कोणी विचारले तर उत्तर देत बसू नकोस, मारून दाखव. रणजीतने आणलेले हलके शाफ्ट परसात टोमॅटोच्या वेलांना आधाराला लावले आहेत. तिथे ते उत्तम काम करतात, काढू नयेत.

६. या मृत्युपत्राने रणजीतला काहीही मिळत नाही. त्यामागे राग नाही. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले आणि मला साक्षीदार रणजीतच हवा आहे. वकील म्हणाले, "काकू, तो कशाला सही करेल?" मी म्हणाले, "कागद त्याच्यापुढं ठेवा. न्हाई केली तर त्याच्या जागी तुमी करा." माझा मुलगा आडमुठा आहे. लोकांत काहीही बोलतो. पण कागदावर खोटे लिहिताना मी त्याला अजून पाहिलेले नाही. आज पाहावे लागले तर तेही पाहीन.

या कागदाची अंमलबजावणी वकील शेखर मोहोळ यांनी करावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी स्वतः सांगून लिहवून घेतले, वाचून पाहिले, आणि चष्मा न लावता सही करते.

ठिकाण: मारुंजी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

(सही) विमलबाई सोपानराव हुलावळे

साक्षीदार पहिल्या: सुमनताई दत्तात्रय शेळके, शेजारीण, राहणार मारुंजी. विमलबाईंनी माझ्यादेखत सही केली. त्यांना गोल्फचे वेड आहे, दुसरे कसलेही नाही.
(सही)

साक्षीदार दुसरे: रणजीत सोपानराव हुलावळे, मुलगा, राहणार मारुंजी. स्वहस्ते लिहितो की, वरचा मजकूर मी पूर्ण वाचला. मला तो मान्य नाही. शाफ्टची गोष्ट खरी आहे. आईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे. कायमच होती.
(सही)