शिलाईतलं जादा कापड

बंगळुरू

ती. आप्पा,
पाया पडते. माझं बरं चाललंय.

"धंद्याची अक्कल नोकरीत वापर," म्हणाला होतात. मिरजगावच्या दुकानात तुम्ही प्रत्येक शिलाईत दोन बोटं कापड जादा सोडता, गिऱ्हाईक जाड झालं तर उसवता यावं म्हणून. तशीच मी प्रोग्राममध्ये पुढच्या गरजेची सोय करून ठेवली. "मागितलं नाही ते कशाला?" म्हणत साहेबांनी ती काढायला लावली. आठवड्याने गिऱ्हाइकाने नेमकं तेच मागितलं, आणि उशीर झाला म्हणून बोलणी मीच खाल्ली!

आता ऐकू कुणाचं, तुमचं का साहेबांचं? लई गोंधळ झालाय.

आईचा गुडघा कसा आहे?

मी वेळेवर जेवते. दिवाळीला तुम्ही शिवलेला ड्रेस तेवढा दोन्ही बाजूंनी आत घ्यावा लागेल.

तुमची,
पंकजा