बर्फाच्या कप्प्यातली इंजेक्शनं

ता. १४, मंगळवार
सकाळचे आठ

प्रिय मास्तरीणबाई,

बरी असशील असं लिहायला हात धजत नाही, म्हणून विचारतो, आज ताप किती? मी ठीक. खोकला कमी आहे, तरी इथे हॉस्पिटलात मला तुझ्या खोलीत सोडत नाहीत. कुंड्यांना पाणी घातलं. तुझी बहीण काल डबा देऊन गेली. जाताना म्हणाली, "भावोजी, दाढी तरी करा, पेशंट कोण तेच कळेना." केली. गालावर दोन ठिकाणी कापलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, आठवतं? पांढऱ्या पेशी हाडांच्या आत, मज्जेत तयार होतात. कॅन्सरच्या औषधाने त्या कमी होतात. मग ते पोटावर टोचायचं इंजेक्शन नव्या पेशी भराभर वाढवतं आणि त्यांना हाडातून रक्तात काढतं. तिथून त्या, जिथे जंतू शिरलाय तिथे चालत जातात. मी विचारलं, "चालत?" त्या हसल्या. "सरपटत म्हणा हवं तर, काका." माझ्या गालावरच्या ओरखड्याकडेसुद्धा आत्ता त्या निघाल्या असतील. तुझ्या अंगात मात्र कोणी निघतच नाही.

पहिल्या खेपेला इथेच टोचलं, तेव्हा तुझी कंबर नि मांड्या ठणकल्या होत्या. "हाडात कोणी कुदळ मारतंय," म्हणालीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं कामाला लागली, चांगली खूण आहे. या खेपेला घरी पाच टोचली आणि काहीच दुखलं नाही. तू म्हणालीस, "बघा, सवय झाली." मीही हुश्श केलं. सातव्या दिवशी ताप चढला.

इथवर तुला माहीतच आहे. पुढचं लिहिताना तीन कागद फाडले.

बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी. जेवढं गार तेवढं टिकतं, एवढीच माझी विद्या. लाइट सारखी जात होती, म्हणून इंजेक्शनांचा डबा मी फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तू म्हणालीस, "डब्यावर काय लिहिलंय ते वाचा तरी." मी म्हणालो, "गार कसं ठेवायचं ते मला शिकवू नकोस." रोज एक काढायचो, मुठीत धरून वितळवायचो आणि खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर टोचायला येईपर्यंत पुसून ठेवायचो. त्यांना काय कळणार?

परवा औषधाच्या दुकानात सहज विचारल्यासारखं विचारलं. दुकानदार म्हणाला, "गोठवलं? मग गेलं की कामातून, आजोबा! नुसतं पाणी टोचल्यासारखंच."

डॉक्टरीणबाईंनी शनिवारी विचारलं होतं, "इंजेक्शनं कुठे ठेवलेली?" मी म्हणालो, "फ्रिजमध्ये." खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. काल त्या तुझ्या बहिणीला सांगत होत्या, यांचं शरीर या औषधाला दाद देत नाही, तेच पुन्हा देण्यात अर्थ नाही. पेशी वाढत नसतील तर कॅन्सरचे पुढचे डोसही थांबवावे लागतील. आज अकराच्या राउंडला ठरणार.

काल दोनदा त्यांच्या दाराशी गेलो. कडीला हात लावला आणि खोकल्याचं निमित्त करून मागे फिरलो. त्या ओरडतील याची भीती नाही गं. "हे तुम्ही केलंत?" एवढंच हळू विचारतील, आणि तू गेलीस तर तो प्रश्न मला जन्मभर ऐकू येत राहील.

तुला धुरकट दिसतं, माझी पत्रं सिस्टर वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तोंडाने निघत नाही ते इथे लिहिलं. सिस्टर, आता वाचणं थांबवा. आधी डॉक्टरीणबाईंकडे जा. त्यांना सांगा, हिच्या शरीराची चूक नाही, हिला धड औषध मिळालंच नाही. पाचही गोठलेली होती. अकराच्या आत सांगा. परत आलात की उरलेलं वाचा.

उरलेलं एवढंच. नवं औषध देतील का, पेशी निघतील का, मला काही कळत नाही. मी बाहेर बाकावर बसलोय. रागावणार असशील तर मोठ्याने रागाव, मला इथवर ऐकू आलं पाहिजे. गप्प मात्र राहू नकोस.

तुझाच,
ज्याचं तू त्या दिवशी ऐकायला नको होतंस, तो