माझ्या जागी दोघं येतील

दि. १४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे. आईचा खोकला उतरला. तिच्या चष्म्याची दांडी मी तारेने बांधून दिली, दुकानातल्यापेक्षा घट्ट बसली आहे. तुझी वहिनी तुझी चौकशी करत होती. हॉस्पिटलच्या एकाच इमारतीत तू चौथ्या मजल्यावर, मी पहिल्यावर, आणि तरी पत्र लिहितो आहे याचं तुला हसू येईल. पण तू फोन उचलत नाहीस, आणि वर आलो की तुझ्या दारातला शिपाई साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगतो. बिचारा माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

वॉर्डाचं म्हणशील तर हात विसरलेले नाहीत. सफाईच्या कामावर असताना नुसतं बघत बघत शिकलो, नर्सिंगची परीक्षा मागाहून दिली आणि पहिल्या झटक्यात काढली. असं शिकलेलं सहजी जात नाही. सवयी मात्र घरोघर पेशंट बघत फिरतानाच्याच राहिल्या. लोकांच्या घरी आपण पाहुणे. हात कुठे धुवायचे, पिशवी कुठे ठेवायची, सगळं विचारून. इथे पाहुणा पेशंट, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. मी अजून पडद्याबाहेर थांबून "येऊ का?" म्हणतो. पहिल्या दिवशी आतल्या आजोबांना वाटलं सोयरीक घेऊन कोणी आलं. त्यांनी घाईघाईने केस सारखे केले. वॉर्डातल्या नर्स पोरींनी माझं नाव 'येऊ-का-काका' ठेवलं आहे. ठेवू देत.

चादरी बऱ्या आहेत. इंजेक्शनच्या ट्रेची मांडणी कोणी डावखुऱ्याने केली असावी, ती मी बदलून घेतली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

परवा दुपारी खिडकीजवळच्या पलंगावर नवा पेशंट आला. पडदा ओढलेला होता. मी नेहमीप्रमाणे विचारलं. आतून आवाज आला, "या. फार उशीर केलात."

शिंपीकाका होते. बाजारामागच्या जिन्यावरचे, अर्धं अंग गेलेले. रोज दोनदा मी ज्यांच्याकडे जात असे, ते. त्यांना कुशीवर घेतलं आणि पाहिलं, तर माकडहाडापाशी जखम. माझी मूठ बसेल एवढी. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या पाठीवर मी साधा लाल डाग टिकू दिला नव्हता.

काका उशीत तोंड ठेवून म्हणाले, "उसवलं ना? टाका घाला की एखादा." मग स्वतःच म्हणाले, "नाही धरायचा. कापड विरलंय."

मी टाचा पाहिल्या. टाचा स्वच्छ. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राखायची, हे त्यांच्या मुलीला मीच शिकवलं होतं. तिने त्यात एक दिवसही कसूर केली नसणार. पण काका अंगाने भारी. त्यांची कूस बदलायला दोन माणसं लागतात. एक ती, एक मी. ती पलंगाच्या पायाशी उभी होती. तक्रारीचा सूरही नव्हता तिचा. मला म्हणाली, "दोघं येणार होते ना, काका? मी दाराला कडी लावत नव्हते."

धाकट्या, ते दोघं तुझे. "दादा, जिने चढून गुडघे झिजवलेस, आता वॉर्डात ये. तुझ्या जागी मी दोघं पाठवतो." हे तू आईसमोर, पानावर बसून म्हणालास. आणि तुझा शब्द माझा समजून मी तो दारोदार वाटत गेलो. काळजी करू नका, माझा भाऊच वर बसलाय, म्हणून सांगितलं. मिरवलं म्हण हवं तर.

मेट्रनबाईंना विचारलं. त्या बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक असेल असंच आम्ही धरून चाललो होतो. कायमचा माणूस जागेवर असेपर्यंत घरभेटींचा विभाग बंद करता येत नव्हता. माणूस आपणहून वॉर्डात गेला, जागा मोकळी झाली, आणि त्याच आठवड्यात तू कुलूप लावलंस. परका असता तर डाव म्हणालो असतो. तू माझे गुडघे काढलेस मध्ये. आणि ते खरंच दुखत होते, म्हणून मला कळलं नाही.

आईला काही बोललो नाही. ती रोज विचारते, धाकट्याने चांगल्या जागी बसवलं ना तुला? मी हो म्हणतो आणि जेवतो.

आज माझा अर्ज तुझ्या टेबलावर येईल. जुनी जागा परत मागतो आहे. माणूस नाही म्हणून बंद केलंस ना, हा घे माणूस. सही कर किंवा नाही म्हण, पण त्याआधी एकदा खाली ये. खिडकीजवळचा पलंग. पडदा एकदम ओढू नकोस. बाहेर थांबून विचार, येऊ का? आतून काय उत्तर येतं ते ऐक, आणि मग वर जाऊन पेन उचल.

वर सवयीने आशीर्वाद लिहून गेलो. खोडत नाही, खाडाखोड केलेला कागद माझ्या हातून कधी गेलेला नाही. पण ते इतक्यात तुझे धरू नकोस.

'दादा' अशी सही तू येऊन गेल्यावर करीन.

पुरुष वॉर्ड, पहिला मजला